त्रेसष्ट रुपये

बारावी कॉमर्सचा वर्ग, दांडिया बाजार, बडोदे

माझ्याआधी बोलून गेला तो वैमानिक.
त्याच्या खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या
अजून तुमच्या डोळ्यांत आहेत, दिसतंय मला.
माझ्याकडे दाखवायला काही नाही.
दोन्ही टोकांनी तासलेली एक पेन्सिल,
आणि मधल्या बोटावरचा हा घट्टा.

मघाशी तुमची हजेरी ऐकली:
पोतनीस, सबनीस, फडणीस.
नुसती आडनावं नव्हेत रे ही, हुद्दे आहेत.
तुमच्या घरातलं कुणीतरी कधीकाळी
समईच्या उजेडात आकडे लावत बसायचं,
म्हणून सकाळी समजायचं,
घोड्यांना चंदी किती दिवस पुरेल.

एकवीस वर्षांची होते मी.
रावपुऱ्यात, टपाल कचेरीच्या मागे,
नटुभाई तलाटींच्या ऑफिसात आर्टिकल.
स्टायपेंड असा, की वीस तारखेनंतर
रिक्षा बंद, पायी घर.
काम होतं भाजीवाल्यांच्या एका पतपेढीचं ऑडिट.
तेरीज जुळेना.
फरक त्रेसष्ट रुपये.

एक संध्याकाळ, दुसरी, तिसरी.
पेढीचे मॅनेजर हसले. "बेन,
याहून जास्त तर आमचा चहा होतो दिवसाला.
टाका उचंत खात्यात आणि घरी जा."
उचंत खातं माहीत आहे ना?
ज्या रकमेला कुणी वाली नाही
तिची धर्मशाळा.
नटुभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
एवढंच विचारलं, "नवाने भाग जातो का?"

गेला. नऊ सत्ते त्रेसष्ट.

फरकाला नवाने भाग गेला, तर संशय घ्यायचा:
कुणाच्या तरी हातून दोन अंक
एकमेकांच्या पाटावर बसलेत.
हे मी तुम्हाला फुकट सांगतेय.

मग चारशे खाती, एकेका ओळीवर बोट ठेवून.
जूनची सतरा तारीख. खाते क्रमांक दोनशे सहा.
रेवाबेन, खंडेराव मार्केट, भेंडी-गवारवाली.
रोजकीर्दीत जमा एक्क्याऐंशी.
खतावणीत अठरा.

दुरुस्ती सांगायला मीच गेले तिच्याकडे.
भेंडीवर पाणी शिंपडत होती.
अक्षरओळख नाही, पण म्हणाली,
"त्या दिवशी माल दुपारीच संपला होता माझा.
वाटलंच होतं, वही कमी बोलतेय.
पण वहीशी भांडायचं कोणत्या तोंडाने?"

बस, एवढंच.
टाळ्या नाहीत, पेपरात फोटो नाही.
तिने पावशेर गवार बांधली,
मी हट्टाने पैसे दिले,
ते संध्याकाळी तिने पेढीत भरले असणार.
माझ्या नावे, तिच्या जमा.
बघा, लगेच सुरू झालं.

खोटं कशाला सांगू?
इंटरला मी दोनदा नापास झाले.
निकालाच्या दिवशी आई दोन्ही वेळा
काही न विचारता पोळ्या लाटत राहिली.
सप्टेंबरात सख्ख्या बहिणीच्या डोहाळजेवणाला
मी जेवण संपल्यावर पोचले, हातात फाइल.
आणि घसारा फक्त यंत्रांवर लागतो
हे पुस्तकात लिहिलंय, मानेला ठाऊक नाही.

तू, खिडकीजवळचा, हात वर केलायस.
"मॅडम, आता सगळं कॉम्प्युटर करतो ना?"
करतो. माझ्यापेक्षा वेगाने आणि न जांभई देता.
उचंत खातंसुद्धा एका बटणात उघडतो.
ते बटण न दाबण्याचा
पगार मिळतो आम्हाला.

वैमानिक मला आवडला, खरंच.
तुमच्यातल्या कुणाला उडायचं असेल तर उडा.
पण ज्याला घरी किराण्याची यादी
पुन्हा एकदा बेरीज करून बघावीशी वाटते,
दुकानदाराने दोन रुपये जास्त परत दिले
तर ज्याची झोप उडते,
त्याच्याशी मला बोलायचंय.

शनिवारी चारनंतर या.
रावपुरा, तेच ऑफिस, तिसरा मजला.
नटुभाईंची खुर्ची आता माझ्याकडे आहे,
एक पाय अजून डुगडुगतो.
लिफ्ट बंद असते.
येताना पेन्सिल आणा.
पेनाची घाई नको.